तास कोणाच्या हातात?



शिक्षकांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानायचा रिवाज आहे. तो पाळतो आणि लगेच विषयाकडे वळतो, कारण जेवणाची वेळ मला आवर्जून सांगण्यात आली आहे.

कार्यक्रमपत्रिकेवर ‘तंत्रज्ञानाधारित अध्यापनातील आव्हाने’ असं भारदस्त नाव छापलं आहे. मी त्यातला एकच भाग घेणार आहे, तो म्हणजे फसलेला पाठ. प्रसंग तुम्हाला पाठ आहे. साहेब तपासणीला आलेले असतात. टाचण तयार, पेन ड्राइव्ह तयार, मुलं हाताची घडी घालून बसलेली. प्रोजेक्टर सुरू होतो आणि पडद्यावर अपडेट येतं. ते संपेपर्यंत लाइट जाते. लाइट आली की चित्र दिसतं, आवाज येत नाही. मागच्या बाकावरचा सातवीतला एक जण उठून म्हणतो, “बाई, ती वायर उलटी लागलीय.” वर्ग हसतो, साहेब वहीत काहीतरी लिहितात, आणि बाईंना पुढचे चार दिवस झोप लागत नाही.

त्या वहीत काय लिहिलं जातं? ‘शिक्षिकेस तंत्रस्नेही प्रशिक्षणाची गरज आहे.’ माझा आक्षेप आहे तो या वाक्याला. वायर कुणी विकत घेतली, यंत्राची हमी कधी संपली, शाळेचं वीजबिल कुणी थकवलं, दुरुस्तीला माणूस कोण, यातल्या कशालाही त्या वहीत रकाना नाही. यंत्र बिघडतं आणि शेरा माणसाला मिळतो.

आपण हुणसूरला जमलो हे मला बरं वाटतं. लक्ष्मणतीर्थेच्या काठचा, तंबाखूचा आणि लाकडाचा हा कर्नाटकातला तालुका बहुतेकांना माजी मुख्यमंत्री देवराज अर्सांमुळे ठाऊक आहे. आपल्या विषयाला मात्र त्याचे शेजारी अधिक उपयोगाचे आहेत. दक्षिणेला एच. डी. कोटे तालुका आणि त्याच्या पलीकडे चामराजनगर जिल्हा. या दोन ठिकाणी सुमारे दहा वर्षांच्या अंतरानं दोन प्रयोग झाले.

आधी दुसरा सांगतो. 20 सप्टेंबर 2004 रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट अवकाशात गेला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला हा देशाचा पहिला उपग्रह. त्याच्या प्राथमिक शिक्षणाच्या प्रयोगासाठी चामराजनगरच्या शेकडो शाळा निवडल्या गेल्या. छपरावर डिश, वर्गात टीव्ही, पलीकडे स्टुडिओ. कल्पना मोठी होती आणि ती मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण एकतर्फी प्रक्षेपणाचा स्वभाव पाहा. पाठ ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि ठरलेल्या वेळी संपतो. मुलाला समजलं नाही म्हणून बाईंना तो थांबवता येत नाही. मध्येच वीज गेली तर राहिलेला भाग परत मागता येत नाही. 2010 मध्ये उपग्रहाची सेवा संपली, तीही कुणा शिक्षकाला विचारून नव्हे.

हा अनुभव आपल्या देशाला नवा नव्हता. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत उपग्रहाद्वारे टीव्ही पोहोचला. त्यात कर्नाटकही होतं. सकाळचे कार्यक्रम शाळेच्या मुलांसाठी असत. उपग्रह अमेरिकेचा होता. वर्ष संपलं, उपग्रह निघून गेला. पुण्यात 1984 साली सुरू झालेली, शाळांसाठी टीव्ही कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्थाही 2017 मध्ये बंद झाली. एडिसननं तर 1913 मध्येच सांगून ठेवलं होतं की चित्रपटामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. पुस्तकं अजून आहेत. भाकितं करणारे थकत नाहीत, एवढंच.

आता पहिला प्रयोग. 1995 मध्ये एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी युनिसेफच्या मदतीनं ‘नली-कली’ सुरू केली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा त्यांनी पाहिल्या होत्या. तिथून आल्यावर पाठ्यपुस्तकाचे तुकडे करून त्यांनी कार्डं बनवली, त्यांच्या पायऱ्या लावल्या, आणि वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकाच खोलीत आपापल्या गतीनं शिकू लागली. जिथं एक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो तिथं याचा अर्थ काय होतो, ते द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्यांना सांगायला नको. यालाही मी तंत्रज्ञानच म्हणतो. कार्ड फाटलं तर बाई संध्याकाळी दुसरं काढतात. एखादी पायरी मुलांना जड गेली तर मध्ये आणखी एक घालतात. पाठ इथेही फसत होताच. पण तो दुरुस्त करणारे हात वर्गातच होते. पुढे ही पद्धत सरकारी आदेशानं राज्यभर पहिली-दुसरीच्या वर्गांत गेली. आदेशानं आलेली गोष्ट शिक्षकाला पहिल्याइतकी आपली वाटत नाही, हेही खरंच.

कुणी म्हणेल, अध्यक्ष कार्डांचे भक्त दिसतात, यांना पडदा नको. तसं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते क्यूआर कोडच्या कामासाठी. पण त्या कोडच्या आधी त्यांनी काय केलं ते विसरलं जातं. वर्गातल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती. ती ते शिकले, धडे मुलींच्या भाषेत आणले आणि मग त्यांना कोड जोडले. कोड चालला नसता तरी धडा बंद पडला नसता, कारण तो सरांच्याच हातचा होता. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर कोड छापले गेले आणि 2017 मध्ये देशभरासाठी ‘दीक्षा’ हे सरकारी डिजिटल व्यासपीठ आलं. छापणं सोपं असतं. डिसल्यांचं भाषा शिकणं छापता आलं नाही.

युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालाच्या शीर्षकातच विचारलं आहे की हे साधन कोणाच्या अटींवर वापरायचं. पेरू देशात दहा लाखांवर लॅपटॉप वाटले गेले. अध्यापनात त्यांना जागाच दिली नव्हती, आणि मुलांचं शिकणं काही सुधारलं नाही, हे उदाहरण त्यात आहे. पेरूला हसू नका. आपल्या शाळांतली कुलूपबंद संगणक खोली आठवा. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते, कारण काही मोडलं तर भरपाई त्यांच्या पगारातून होईल अशी त्यांना भीती असते. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते तिच्यावर कुणाचा हात बसत नाही. मग तपासणीच्या दिवशी ती बाहेर निघते आणि पाठ फसतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. यंत्राच्या खरेदीबरोबरच दुरुस्तीची रक्कम आणि दुरुस्तीचा माणूस मंजूर व्हावा. नसेल तर ते यंत्र नाकारण्याचा अधिकार शाळेला असावा. चालू तासात यंत्र बंद करून खडू उचलणाऱ्या शिक्षकाच्या नावे ‘साधनांचा वापर केला नाही’ असा शेरा पडू नये. आणि तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपणच करायची आहे. आपल्या शिक्षण परिषदांत आदर्श पाठ होतात, टाळ्या पडतात, फोटो ग्रुपवर जातात. दर महिन्याला त्यातलाच अर्धा तास फसलेल्या पाठासाठी ठेवा. काय बंद पडलं, मुलं कुठे हरवली, मग काय केलं, हे ज्याचं त्यानं सांगावं. केंद्रप्रमुखांनी त्या अर्ध्या तासात वही मिटून बसावं.

या तीन मुद्द्यांच्या ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात येईल. त्यातली भाषा माझी आहे, ती बदलली तरी चालेल. दुरुस्तीच्या रकमेचं कलम मात्र कुणी गाळू देऊ नका, आणि ज्यांच्या शाळेत आज एखादं यंत्र बंद पडून आहे त्यांनी ते कधीपासून बंद आहे हे कागदावर लिहून जेवणाआधी संयोजकांकडे द्यावं. ठरावासोबत ती यादी जोडायची आहे.