फुकट आणि मुक्त



आम्ही सातवीतच शाळा सोडली. पुढे जे शिकलो ते गेटसभांत आणि रात्रीच्या वाचनात. अशा माणसाने संगणकावर काय बोलावे, असे कोणास वाटेल. परंतु आम्हांस बोलावयाचे आहे ते श्रमाविषयी.

आमच्या युनियनच्या कचेरीत कित्येक वर्षे चोरटे सॉफ्टवेअर होते. वर्गणीच्या पावत्या, मागणीपत्रे, सारे त्यावरच. एका तरुण सभासदाने विचारले, "साहेब, आपण घामाचे दाम मागतो, मग हा घाम कोणाचा?" आम्ही म्हणालो, "अरे, ते मुक्त सॉफ्टवेअरवालेही फुकटच देतात ना!" हे उत्तर चूक होते.

१९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना खुले पत्र लिहिले आणि पैसे न देता आपले 'बेसिक' वापरणे ही चोरी आहे, असे बजावले. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी निराळीच वाट जाहीर केली: दुसऱ्याचे कुलूप फोडावयाचे नाही, आपले घर नवे बांधावयाचे आणि ते सर्वांस खुले ठेवावयाचे. त्यांचा १९८९ चा 'जीपीएल' परवाना सांगतो की वापरा, तपासा, बदला, वाटा, हवे तर विका. मात्र ज्याला द्याल त्याला मूळ संहिता आणि हेच हक्कही द्या. ही अट उभी आहे ती लेखकाच्या कॉपीराइटवरच. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने हॅराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर ही अट मोडणाऱ्या एका कंपनीस मनाई केली. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचीही चोरी होते, आणि कधी ती शेठजीच करतात!

किंमत गरिबास परवडत नाही, हे खरे. पण गोदामातून माल पळविणे म्हणजे संप नव्हे. त्याने मालकी हलत नाही. १९९८ साली गेट्स यांनीच चीनविषयी म्हटले होते की, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे; सवय लागली की पुढे वसुलीचे पाहता येईल. चोरट्या प्रतीने आपण धन्यापासून सुटत नाही, त्याच्याच दावणीला बांधले जातो.

पुढे आम्ही कचेरीत लिनक्स आणि लिब्रेऑफिस बसविले. जुन्या पत्रकांची मांडणी बिघडली, टंकलेखन करणाऱ्या ताईंनी आमची चांगलीच हजेरी घेतली. दोन महिने त्रास झाला. पण आता त्या तरुणासमोर मान खाली घालावी लागत नाही. आपणही घरी गेल्यावर आपल्या यंत्रात कोणाचा घाम आहे, एवढे पाहावे, ही विनंती.