शाहूपुरीत आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून आलेले डॉक्टर, आणि मागच्या रांगांत बसलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईकहो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे कोल्हापूरच्या शाहूपुरीत मनापासून स्वागत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवलेली ही पेठ गुळावर मोठी झाली. मीही पेठेतलाच. डॉक्टरांच्या परिषदेला व्यापारी स्वागताध्यक्ष कशाला, असे कुणाला वाटले तर ते रास्तच आहे. पण मंडप, पंगत आणि पाहुण्यांची उतरायची सोय आम्हाला बरी जमते!

आता परिषदेच्या विषयाकडे वळतो. लिम्फोमा या कर्करोगावरच्या रिटुक्सिमॅब या औषधाला १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याची देशी आवृत्ती आणली. तरीही काहींचा आजार उलटतोच. त्यांच्यासाठी आता दुहेरी पकडीची प्रतिपिंडे आली आहेत. एका बाजूने ती कर्कपेशीवरचे सीडी-२० हे प्रथिन धरतात, दुसऱ्या बाजूने आपल्याच टी-पेशीला ओढून त्या कर्कपेशीशी भिडवतात. २०२२ च्या अखेरीस त्यांपैकी ग्लोफिटामॅबच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातल्या १५४ रुग्णांवर आधी किमान दोन उपचार होऊन गेले होते. ३९ टक्के रुग्णांच्या तपासणीत आजार दिसेनासा झाला. बाकीच्यांचे काय, हेही इथे मोकळेपणाने बोलले जावे.

यजमानाने पाहुण्यांकडे मागू नये, तरी मागतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यात रुग्णाच्याच पेशी काढून प्रयोगशाळेत घडवाव्या लागतात. ही प्रतिपिंडे मात्र तयार बाटलीत येतात. मग बाटली कोल्हापुरात येण्याऐवजी रुग्णानेच महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई का गाठायची?

उत्तर मला डॉक्टर मित्रांनी दिले आहे. ग्लोफिटामॅबचा डोस अडीच, दहा, तीस मिलिग्रॅम असा चढवत न्यावा लागतो. पहिल्या डोसनंतर ताप भडकू शकतो, रक्तदाब कोसळू शकतो. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. हे आवरायला टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी हवे, अतिदक्षता विभागात खाट हवी. ठीक आहे. ही तयारी आपल्या सीपीआर रुग्णालयात करायला नेमके काय लागेल, किती परिचारिका, कोणते प्रशिक्षण, किती खर्च, हे या परिषदेने लिहून द्यावे. चाचणी इथे आली, तर संमतीपत्रही कागल-गडहिंग्लजच्या माणसाला वाचून कळेल अशा मराठीत असावे.

पैसे उभे करण्याचे पेठ बघेल. यादी उद्या दुपारच्या पंगतीआधी हाती आली, तर व्यापारी मंडळी तिथेच भेटतील. अध्यक्ष महोदय, पहिले सत्र सुरू करावे, ही विनंती.