आजारी मुलाच्या पाठीशी कोण उभे राहणार?



कष्टकऱ्यांच्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला रेशनचा, मजुरीचा, घराच्या जागेचा प्रश्न चटकन दिसतो. त्याच वस्तीत एखाद्या घराचे दार भर दुपारी लोटलेले असते, आत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो आणि कामावर जाणे सोडून त्याची आई त्याच्यापाशी बसलेली असते. हे मात्र कार्यकर्त्याच्या वहीत येत नाही. आईबाप सांगत नाहीत, आणि विचारणाराही कोणी नसतो.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून पंचविशीपर्यंतच्या काळात डोके वर काढतो. मुलींमध्ये काहीसा उशिरा. म्हणजे ज्या वयात गरीब घर मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असते, नेमक्या त्या वयात. आरंभ फसवा असतो. अभ्यासावरून लक्ष उडते, झोप जाते, मित्र तुटतात. घरचे त्याला आळस म्हणतात. पुढे कोणीतरी आपल्या मागावर आहे असा पक्का ग्रह होतो, कोणी नसताना आवाज ऐकू येतात. एका देहात दोन माणसे नांदणे म्हणजे हा आजार, ही चित्रपटांनी पसरवलेली समजूत आहे. तिचा या आजाराशी काही संबंध नाही.

आजार कळला की पहिला प्रश्न निघतो तो दोष कोणाचा, हा. आणि उत्तर बहुधा आईवर येऊन थांबते. यात केवळ अडाणीपणा नव्हे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मनोविश्लेषक बाईंनीच आईच्या वागणुकीकडे बोट दाखविले होते आणि पुढे कित्येक वर्षे पाश्चात्त्य डॉक्टर तेच म्हणत राहिले. ते मत संशोधनात टिकले नाही. आनुवंशिकता, मेंदूची घडण आणि परिस्थितीचे ताण यांच्या गुंत्यातून आजार उद्भवतो. संगोपनातील चुकीमुळे नव्हे. विद्वानांनी ते मत सोडले. पण ‘तुझ्याच माहेरचे रक्त’ हे वाक्य घराघरांतून अद्याप गेलेले नाही.

आजार घर निर्माण करीत नाही. परंतु तो उलटणे वा न उलटणे यात घराचा वाटा असतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. ज्या घरांत सतत टीका, चीड किंवा अतिरेकी गुंतवणूक होती, तेथे आजार पुनःपुन्हा उलटताना दिसला. पुढे चंदीगड परिसरातील कुटुंबांचा तसाच अभ्यास झाला, तेव्हा तेथे टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा पुष्कळ कमी आढळले. एकत्र कुटुंबाचे पोवाडे गाण्यासाठी हा दाखला वापरणे बरे नव्हे; त्या कुटुंबांत रुग्णाचा भार बहुशः बायकाच वाहतात. घेण्याजोगा बोध साधा आहे. मुलाला ऐकू येणारा आवाज खोटा आहे हे वादाने सिद्ध करू नये, आणि खरा आहे असे मानून होकारही देऊ नये. ‘तुला ऐकू येते, आम्हाला येत नाही, पण तू घाबरला आहेस हे दिसते,’ एवढे बोलता येते. सूचना एका वेळी एकच द्यावी. चारचौघांत त्याच्या आजाराची चर्चा करू नये. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करण्याची घाई होते. आजार उलटण्याचे ते एक मोठे कारण आहे. गोळ्यांनी अंग जड होते, वजन वाढते, हात कापतात. ही त्याची तक्रार खरी असते. ती डॉक्टरांच्या कानावर घालावी, ‘नाटक’ म्हणून उडवू नये. मरणाच्या गोष्टी बोलू लागला तर मात्र एक दिवसही थांबू नये.

हे सारे घराने करावयाचे, पण कोणाच्या बळावर? अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात एक सोपी गोष्ट केली. आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातलगांना तेथे राहावयास बोलाविले. आजार समजून घेऊन ही माणसे आपल्या माणसाला घरी घेऊन गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबाला रुग्णाबरोबर ठेवण्याची रीत पाडली. पैशाच्या टंचाईतून आलेला हा शहाणपणा होता. पण कुटुंबाला शिकवून पाठविणे वेगळे आणि सारा भार त्याच्यावर टाकून शासनाने मोकळे होणे वेगळे. आज बहुतेक ठिकाणी दुसरे घडते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत; दूरच्या तालुक्यातील शेतमजुराला तेथे जाणे म्हणजे दोघांचा प्रवास आणि दोघांची बुडालेली मजुरी. गोळी स्वस्त असते, तिच्यापर्यंत पोचणे महाग असते. पुण्यातील स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द सुंदर आहेत. परंतु शुभंकराची बुडालेली मजुरी शब्दाने भरून येत नाही.

जेथे दवाखाना पोचत नाही तेथे देवऋषी पोचतो. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे झोपडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तेथे आणून सोडणारे आईबाप क्रूर होते असे म्हणणे सोपे आहे. अन्य काही उपाय त्यांच्या आवाक्यात होता काय, हे विचारणे अवघड आहे. महाराष्ट्रात भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे व मारणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा. तो २०१८ पासून अमलात आला. त्याचे ९५वे कलम रुग्णाला साखळीने बांधण्यास सर्वथा मनाई करते. १८वे कलम त्याहून मोलाचे आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ कार्ड असो वा नसो, सरकारी मानसिक आरोग्य सेवा विनामूल्य मिळण्याचा हक्क ते देते. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावयाचा आहे. भीक म्हणून नव्हे, कायद्याने.

सर्वांत जड प्रश्न बाप बोलून दाखवीत नाही: आपल्या पश्चात याचे काय? याच १८व्या कलमात निवाऱ्याची, देखरेखीखालील निवासाची तरतूद आहे. कागदावरची ही तरतूद इमारतीत उतरविण्यासाठी मोर्चा निघाल्याचे क्वचितच ऐकिवात येते. या आईबापांची संघटना नाही आणि मोर्चाला जायचे तर मुलाला कोणापाशी ठेवायचे, हेच त्यांना ठाऊक नसते.

म्हणून प्रत्येक तालुका शाखेने येत्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, आणि रिस्पेरिडोन व ओलान्झापिन या गोळ्या औषध भांडारात किती दिवसांच्या शिल्लक आहेत. उत्तर लिहून घ्यावे, तारीख घालावी आणि ते जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवावे. आणि लोटलेल्या दाराच्या त्या घरी आठवड्यातून एक दुपार एखाद्या साथीने जाऊन बसावे, म्हणजे त्या आईला बाजारापर्यंत जाऊन येता येईल.