खिशातील कॅमेरा : भिंग कोणते निवडावे?



कॅमेरा घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानदारास बहुधा दोनच प्रश्न विचारतो : किंमत काय, आणि चित्र स्वच्छ येते की नाही? कॅमेरा खिशात मावणारा व एकाच भिंगाचा असेल, तर याहून महत्त्वाचा असा तिसरा प्रश्न आहे आणि तो स्वतःसच विचारावयाचा आहे. ज्या माणसांची चित्रे मला हवी आहेत, त्यांच्यापासून मी किती अंतरावर उभा राहतो? भिंगाची निवड ही वस्तुतः या अंतराची निवड होय, हे मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे जितक्या अंतरावर रेखीव उमटते, ते त्या भिंगाचे नाभीय अंतर. बाजारात यासच फोकल लेंग्थ म्हणतात. हे अंतर आखूड तर भिंगाची नजर रुंद, लांब तर नजर अरुंद. छायाचित्रकारांच्या बोलण्यात येणारे २८, ३५, ४० व ५० हे आकडे मिलिमीटरचे असून ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच अशा फिल्मच्या चौकटीस धरून असतात. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागी सेन्सर असतो आणि तो पुष्कळदा या चौकटीहून लहान असतो. म्हणून भिंगावर १८.३ हा आकडा असला, तरी ते २८च्या तोडीचे म्हणून विकले जाते. तुलना करताना हा तोडीचा आकडाच ध्यानात घ्यावा.

ही चौकट रूढ झाली ती ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञाच्या लायका कॅमेऱ्यामुळे. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला तेव्हा त्यास ५० मिलिमीटरचे भिंग होते. १९६६च्या चिमुकल्या रोलाय ३५ कॅमेऱ्यास ४०चे भिंग होते, १९७९च्या ऑलिंपस एक्सए यास ३५चे आणि १९९६च्या रिको जीआर-वन यास २८चे. भिंग आखूड असले म्हणजे कॅमेरा सपाट करणे सोपे जाते, हे यामागील एक कारण. परंतु रिको कंपनीने २०१९ साली २८च्या तोडीचा जीआर-थ्री काढला आणि २०२१ साली जवळजवळ त्याच अंगाचा, परंतु ४०च्या तोडीचा दुसरा काढला. अंग तेच, खिसा तोच, केवळ नजर निराळी! घेणाऱ्यास आता आपण काय पाहतो याचा विचार केल्यावाचून सुटका नाही.

आता थोडे गणित करू. कॅमेरा आडवा धरला असता, समोरच्या माणसापर्यंतच्या अंतरास ३६ने गुणावे व भिंगाच्या आकड्याने भागावे, म्हणजे चौकटीत किती रुंदी मावेल ते कळते. आपल्याकडील १० फुटांची खोली घ्या. भिंतीस पाठ लावून आपण उभे आहा व समोरची मंडळी ८ फुटांवर बसली आहेत. २८च्या भिंगात सुमारे १० फूट रुंदी येईल, ३५मध्ये ८ फुटांहून किंचित अधिक, ४०मध्ये ७ फुटांहून किंचित अधिक आणि ५०मध्ये पावणेसहा फूट. एका माणसास दीड फूट धरले, तर शेजारी शेजारी बसलेली पाच माणसे साडेसात फूट जागा घेतात. २८मध्ये ती ऐसपैस मावतील, ३५मध्ये जेमतेम मावतील, ४०मध्ये त्यांना जरा दाटीने बसावे लागेल आणि ५०मध्ये कोणास तरी उठविल्यावाचून गत्यंतर नाही.

एवढ्यावरून २८चेच भिंग उत्तम असे कोणी म्हणेल. परंतु पाच माणसांऐवजी एकट्या आजीचे चित्र घ्यावयाचे आहे असे समजा. मस्तक व खांदे मिळून २ फूट उंचीने चौकट भरावयाची, तर २८चा कॅमेरा घेऊन तिच्यापासून सव्वादोन फुटांवर जावे लागेल. ४०चा असल्यास सव्वातीन फुटांवर आणि ५०चा असल्यास चार फुटांहून थोडे दूर राहून काम भागेल. सव्वादोन फुटांवर नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लोक भिंगाच्या माथी मारतात. वस्तुतः तो अंतराचा परिणाम आहे. तितक्याच जवळून कोणत्याही भिंगाने पाहिले, तरी नाकाकानांचे प्रमाण तेच राहील. रुंद भिंग आपणांस फक्त जवळ जावयास भाग पाडते. शिवाय इतक्या जवळ कॅमेरा आला की वृद्ध मनुष्य संकोचतो, मूल हात पुढे करते, आणि जो सहजभाव टिपावयाचा तोच नाहीसा होतो.

यावर कोणी म्हणेल, रुंद भिंग घ्यावे आणि नको तो भाग मागाहून कापून टाकावा. हे काही मर्यादेपर्यंत खरे आहे. २८च्या चित्रातून ३५इतका भाग घेतला, तर चित्राचा ६४ टक्के भाग उरतो, आणि तेवढ्यावर उत्तम छपाई होते. ५०इतका घेतला, तर एकतृतीयांशाहूनही कमी उरतो. तरीही कापण्याची सोय आहे. अरुंद चौकटीबाहेर राहिलेले मात्र मागाहून कोणत्याही उपायाने आत आणता येत नाही. रुंद भिंगाच्या बाजूने ही सबळ गोष्ट आहे.

मग निर्णय कसा करावा? याकरिता एक बिनखर्चाचा प्रयोग सांगतो. जाड पुठ्ठ्यात १८ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यापासून १४ सेंटिमीटरवर धरली की २८ची नजर मिळते. साडेसतरावर ३५ची, २०वर ४०ची आणि २५वर ५०ची. हा पुठ्ठा घेऊन घरात, गच्चीत व बाजारात हिंडा. आपण नेहमी ज्या अंतरावरून माणसांकडे पाहता, तेथेच उभे राहा. कोणत्या अंतरावर धरलेली चौकट आपल्या पाहण्याशी जुळते, हे दोन दिवसांत कळेल.

माझे मत विचाराल, तर घरातील आजची परिस्थिती ध्यानात घेऊन ते देतो. बहुतेकांच्या खिशात मोबाइल फोन असतोच, आणि त्याचे मुख्य भिंग साधारणतः २४ ते २८च्या तोडीचे असते. पंगत, लग्नमंडप, सगळे गोत एकत्र, ही चित्रे तो उत्तम घेतो. म्हणून अशा घरात कॅमेरा यावयाचा, तर तो ४०चा यावा. एक किंवा दोन माणसे व त्यांच्याभोवतालचे थोडेसे जग, हे काम फोनच्या रुंद नजरेस नीट साधत नाही. फोनचा आधार न घेता सर्व काम एकाच कॅमेऱ्याकडून करून घ्यावयाचे असेल, तर ३५ निवडावे. २८ हे रस्त्यावरच्या गर्दीत निःसंकोच शिरणाऱ्याचे भिंग आहे. ज्याचा तसा स्वभाव नाही, त्याच्या चित्रांत माणसे लहान आणि रिकामी फरशीच फार दिसते.

एकदा निवड केल्यावर मात्र निदान वर्षभर ती बदलू नये. १९४७-४८ साली हिंदुस्थानात येऊन गेलेले फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम ५०च्या भिंगावर केले. एकाच भिंगाची सवय झाली, म्हणजे कॅमेरा डोळ्यास लावण्यापूर्वीच चौकट मनात तयार होते आणि पाय आपोआप योग्य जागी थांबतात.

घरातील वडीलधारी माणसे नेहमी आपल्याजवळ राहावयाची नाहीत, आणि आज रांगणारे मूल पुढील वर्षी रांगणार नाही. त्यांची चित्रे उद्या पाहताना भिंगाचा आकडा कोणी विचारणार नाही. चित्र घेणारा त्यांच्यापासून किती अंतरावर उभा होता, हे मात्र प्रत्येक चित्र सांगत राहील. ते अंतर आजच विचारपूर्वक ठरवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.