विचारायला लाजू नका

समुद्र निळा का दिसतो? प्रश्न पोरकट वाटतो ना? 1921 साली बोटीच्या प्रवासात सी. व्ही. रामन यांना हाच प्रश्न पडला. हा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब आहे, असं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने आधीच सांगितलं होतं. रामन यांनी तरीही विचारलं, तपासलं. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवलं. याच वाटेवर पुढे रामन परिणाम सापडला. 1930 साली नोबेलही मिळालं.

तुम्ही म्हणाल, आम्ही थोडेच रामन? कबूल. पण 'ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?' एवढं न विचारल्याचा त्रास आपल्यालाच होतो. लोक हसतील? हसू देत. हसणाऱ्यालाही उत्तर ठाऊक असतंच असं नाही! म्हणून विचारा. औषधाच्या दुकानातून निघण्याआधी, अगदी नि:संकोच विचारा.