बंद दाराची किंमत

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या हवामानबदलावर आहे, आणि मधल्या दिवशी मोटारीच्या किमतीवर बोलायला मला उभं केलंय. संयोजकांनी विषय दिला तो असा : ‘आलिशान सेदान तिच्या किमतीची असते का?’ मी म्हटलं, अहो, मी गाड्या विकत नाही, दुरुस्त करत नाही आणि असली गाडी माझ्या दारात कधी नव्हती. बाहेर लावलीय ती माझी बारा वर्षांची हॅचबॅक, डावा आरसा चिकटपट्टीवर आहे. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला बोलावलं.

माझा धंदा विम्याच्या सर्व्हेअरचा. गाडी ठोकली, बुडाली, पेटली की कंपनी आम्हाला पाठवते. तीस वर्षं हेच केलं. शोरूमवाला तुम्हाला गाडी दाखवतो ती चकाचक, फुलांचा हार घातलेली. माझ्यापुढे ती येते तेव्हा तिची आतडी बाहेर आलेली असतात. त्यामुळे तिच्यात काय भरलंय हे मला जरा जास्त कळतं, एवढाच माझा अधिकार.

दारापासून सुरुवात करू. एका गॅरेजमध्ये एकदा दोन गाड्यांची दारं शेजारी शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. एक छोट्या गाडीचं, एक जर्मन सेदानचं. दोन्हींची आतली पॅनेलं काढलेली. छोट्या गाडीच्या दारात काय, तर पत्रा, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून चिकटवलेला प्लास्टिकचा कागद, काच वरखाली करायची मोटर आणि कडेने एकच रबरी बीडिंग. बोटाच्या पेरानं वाजवलं तर तेलाचा रिकामा डबा वाजावा तसा आवाज. सेदानच्या दाराला बीडिंगचे एकाआड एक पदर, पत्र्याला आतून चिकटवलेले डांबरासारखे जड पट्टे, मध्ये फोम, आणि काच तर एक नाहीच. दोन काचांच्या मध्ये पातळ पापुद्रा घालून केलेली. वाजवलं तर भरलेल्या रांजणावर टिचकी मारल्यासारखं. मेकॅनिकच्या पोऱ्यानं ते एकट्यानं उचलायला घेतलं आणि परत खाली ठेवलं.

तर ही शांतता खरी असते. ती जाहिरातवाल्यांनी रचलेली नाही, तिला वजन आहे, तिला कारागिरी लागते. शोरूममध्ये दार लावताना तो जो ‘धप्प’ आवाज येतो, त्यावरसुद्धा इंजिनियर बसवलेले असतात. हे आधी मान्य करून टाकतो, कारण पुढे मी बरंच उलटं बोलणार आहे.

या शांततेला नेमका किती खर्च येतो, ही परीक्षा एकदा जगासमोर झालेली आहे. १९८९ साली टोयोटा कंपनीनं लेक्सस या नव्या नावानं अमेरिकेत एक मोठी सेदान आणली, एलएस ४००. तिचे मुख्य इंजिनियर इचिरो सुझुकी. त्यांचा आग्रह असा, की आवाज वरून गाद्या घालून दाबायचा नाही, तो जिथं जन्मतो तिथंच त्याला थांबवायचं. म्हणजे इंजिनाचे भागच इतके नेमके घडवायचे की थरथर उठूच नये. जाहिरातीत त्यांनी बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचला, चाकं रोलरवर भन्नाट वेगानं फिरवली, आणि एकही पेला हलला नाही. सुरुवातीची किंमत ३५,००० डॉलर. तोडीच्या जर्मन गाड्या तेव्हा याहून कितीतरी महाग होत्या. मग लोकांना प्रश्न पडला, की एवढी शांतता एवढ्यात होत असेल, तर उरलेले पैसे आपण कशाचे देत होतो?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेक्ससला त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या, आठ हजारांच्या आसपास. त्यांनी काय केलं, तर मालकाच्या दारातून गाडी नेली, दुरुस्त केली, धुतली, टाकी फुल्ल करून परत आणून लावली. चूक झाली तेव्हाच नाव झालं. आमच्या धंद्यात हे फार क्वचित बघायला मिळतं.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याला या विषयात थोडा मान आहे. १९९५ साली पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जुळवायला सुरुवात झाली. गंमत म्हणजे ते मॉडेल जर्मनीत तेव्हा निवृत्तीला आलेलं होतं. तिकडं नवं येतंय आणि इकडं आपण जुन्याला हळदीकुंकू वाहतोय! (हशा) २००९ला चाकणला त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. तिथं तयार झालेली लाखमोलाची गाडी फाटकाबाहेर पडते आणि चाकण चौकात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे तासभर उभी राहते. २०१७ साली याच ई-क्लासचा लांब सांगाडा आपल्याकडे आला, चाकांमधलं अंतर १४ सेंटिमीटरनं वाढवलेला. ते १४ सेंटिमीटर सगळे मागच्या सीटवाल्याच्या गुडघ्यांसाठी. कंपनीनं आपल्याला बरोबर ओळखलं होतं. आपल्याकडे अशा गाडीचा मालक पुढे बसत नाही.

पैशांचा हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेत, दर मात्र खरे आहेत. कारखान्यातून, विक्रेत्याच्या नफ्यासकट, ५० लाखांची गाडी निघाली असं धरा. त्यावर जीएसटी ४० टक्के, म्हणजे २० लाख. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी हेच २८ टक्के कर आणि २० टक्के उपकर मिळून ४८ होतं. झाले ७० लाख. मग आरटीओ. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५. पेट्रोल धरू, ९ लाख १० हजार. कुणी म्हणेल कंपनीच्या नावावर घेऊ, वर्षाला १५ टक्के घसारा दाखवता येतो. जरूर घ्या, पण मग पासिंगला २० टक्के मोजा, १४ लाख. वैयक्तिक नावावरच धरू. विमा वगळून ७९ लाख. त्यात गाडी ५० लाखांची, सरकार २९ लाखांचं. म्हणजे गाडीत बसल्यावर शेजारच्या सीटवर सरकार बसलंय आणि पट्टाही लावलाय.

आता ती विकायला काढा. विम्यात गाडीची किंमत धरायचं एक कोष्टक असतं, ते आम्हाला झोपेतून उठवलं तरी पाठ असतं. पहिले सहा महिने ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात ५०. हे सगळं शोरूमच्या किमतीवर, आरटीओचे पैसे तर त्यात धरतच नाहीत. म्हणजे पाचव्या वर्षी कागदावर ३५ लाख. बाजार त्याहून कमीच देतो, आपण तीस धरू. ७९तून ३० गेले, ४९ लाख उरले. भागिले साठ महिने. सुमारे ८२ हजार रुपये महिन्याला, रोजचे सत्तावीसशे. पेट्रोल, ड्रायव्हर, सर्व्हिसिंग, व्याज यातलं काही धरलेलं नाही. गाडी नुसती दारात उभी आहे आणि रोज सत्तावीसशे रुपये जमिनीत मुरतायत.

इथं कुणीतरी हुशार माणूस म्हणतो, मग जुनी घ्यावी. दुसऱ्याच्या नुकसानीवर आपण आरामात बसावं. दहा वर्षांची सेदान दहा लाखांत मिळते की! मिळते. पण इथंच माणसं फसतात, कारण गाडीची किंमत जुनी होते, सुट्या भागांची होत नाही. तुमचा हेडलॅम्प दहा लाखांच्या गाडीचा नसतो, तो सत्तर लाखांच्याच गाडीचा असतो. आमचा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस. दहा लाखांच्या गाडीला ही रेघ साडेसात लाखांवर आली. पुढून एक मध्यम ठोकर बसली, दोन हेडलॅम्प, बंपर, रेडिएटर, दोन एअरबॅग, बंपरमधले सेन्सर, की अंदाजपत्रक ती रेघ ओलांडून जातं. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, आतलं चामडं अजून वास देतंय, आणि मी तिच्यावर ‘टोटल लॉस’ लिहून भंगारवाल्याचे भाव मागवतो. अशा गाड्यांवर सही करताना मला अजून वाईट वाटतं.

आता सुरक्षितता. लोक म्हणतात, पैसा जिवासाठी आहे. एके काळी ते खरं होतं. चाकं लॉक न होऊ देणारे एबीएस ब्रेक १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले. घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी १९९५ला, पुन्हा त्याच घराण्यातल्या कूपेत. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं २०१९च्या एप्रिलमध्ये. चाळीस वर्षं! श्रीमंतांनी आधी भरमसाट पैसे मोजले म्हणून ती वस्तू खाली उतरली, हे उपकार मानायला हवेत. पण आता ती उतरलीय. आज पंधरा लाखांच्या आतल्या गाड्यासुद्धा भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवतात. आणि महागड्या सेदानच्या मागच्या सीटवर मी काय बघतो? पट्ट्याची कुलपं सीटच्या फटीत कोंबून टाकलेली, टोचतात म्हणून. तीन बिंदूंचा हा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली दिला. गाडीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच, आणि १४ सेंटिमीटर जास्तीची जागा घेऊन बसलेला माणूस ती लावत नाही.

रस्त्याबद्दल फार बोलत नाही, तुम्ही त्याच रस्त्यानं आलात. सेदान खाली लागते, चेंबर फुटतो, पातळ टायरला खड्ड्यात फुगा येतो, एवढं पुरे. पावसाचं मात्र सांगायला हवं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. नंतरचे कित्येक आठवडे मी मुंबईत गाड्या बघत होतो. एका तळघरातल्या पार्किंगमध्ये चिखलानं माखलेल्या रांगा. छोट्या गाड्यांच्या सीटा काढल्या, फरशी धुतली, उन्हात वाळवली, बऱ्याचशा धडधड करत सुरू झाल्या. सेदान नाही झाल्या. दारातल्या फोमबद्दल सांगितलं ना, तसाच चार बोटं जाड फोम तळाच्या गालिच्याखाली असतो. जो फोम आवाज खातो तोच पाणीही पितो. आणि गाडीचे मेंदू, ती कंट्रोल युनिटं, बरेचदा त्या गालिच्याच्याच आसपास. वरून गालिचा कोरडा लागायचा, हातानं दाबला की पाणी वर यायचं. ज्यांनी बुडालेली गाडी चावी मारून बघितली, त्यांच्या सिलिंडरमध्ये पाणी. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढे मालकाचं आणि विमा कंपनीचं भांडण, मध्ये मी.

एवढं सगळं असून लोक ही गाडी घेतात, आणि घेणारे मूर्ख नसतात. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या गेल्या, हे तुम्हाला आठवत असेल. सुमारे ६५ कोटींचा सौदा, सरासरी एकीला त्रेचाळीस लाखांच्या वर. घेणाऱ्यांनी उघड सांगितलं होतं, की शहराचं नाव उद्योगांच्या नकाशावर यावं म्हणून हे केलं. स्टेट बँकेनं ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा बोट ठेवलं, की त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी जास्त व्याज मोजावं लागतं. हा सवाल माझ्या मते अजून तसाच उभा आहे, आणि कर्ज देणाऱ्यांकडून त्याचं बरं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. पण गाड्या घेणाऱ्यांचं गणित मला पटतं. शहराची जाहिरात म्हणून ते ६५ कोटी महाग नव्हते. वर्तमानपत्रांनी ती फुकट छापली. गाडी म्हणून विचाराल, तर दीडशेतल्या प्रत्येकीला माझं मघाचं कोष्टक लागू होतं.

शेवटचा एक क्लेम सांगतो आणि थांबतो. चाकणच्या बाजूचंच एक गाव. जमीन एमआयडीसीत गेलेली, पैसे आलेले, मुलानं सेदान घेतली. शेताच्या बांधावर घालून पुढचा बंपर फोडला, म्हणून मी गेलो. गाडी गोठ्यात, म्हशींच्या शेजारी, कारण सावली तिथंच. बॉनेटवर शेणाचे शिंतोडे, आरशाला लिंबू-मिरची. मुलगा घरी नव्हता, वडील होते, ऐंशीच्या घरातले. मी फोटो काढले, मापं घेतली. मग राहवलं नाही, विचारलं, “आबा, एवढे पैसे घातले. वाटतं का तेवढ्याची आहे म्हणून?”

ते काही बोलले नाहीत. मागचं दार उघडलं, पायताण बाहेर काढून ठेवलं, आत सरकले आणि मला म्हणाले, “साहेब, बसा की. दार लावून घ्या.”

मी दार लावलं. धप्प. काचेपलीकडे हातभर अंतरावर म्हैस मान वर करून ओरडत होती. तोंड उघडलेलं दिसत होतं, आवाज नव्हता. रस्त्यावरून कारखान्याच्या कंटेनरांची रांग चाललेली, तिचाही नव्हता.

“दुपारी येतो हितं,” आबा म्हणाले. “ह्या गाड्या सुरू झाल्यापास्नं घरात डोळा लागत नाही. पयलं असंच असायचं, शेतावर.”

ओसरीवर सूनबाई उभी होती. हात हलवत काहीतरी सांगत होती. आबांनी डोळे मिटले होते. मी काच थोडी खाली केली, तेव्हा कळलं, जेवायला बोलावत होती.