फॉलिक ॲसिडची गोळी



आम्हां डॉक्टरांना नेहमी विचारले जाते, "ही ताकदीचीच गोळी ना? मग अपाय कसला?" बी गटातल्या फॉलिक ॲसिडपुरते या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे आहे.

त्याची कथा मुंबईत सुरू होते. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी येथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना जीवघेणा पंडुरोग होई, त्याचे मूळ त्या शोधीत होत्या. जंतू सापडेनात, तेव्हा त्यांनी आहार तपासला. अखेर गुण आला तो यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने! १९४१ साली अमेरिकेत चार टन पालक खर्ची घालून ते द्रव्य वेगळे काढले. लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचे नाव पडले.

त्याचा गुण मोठा आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी २८ दिवसांच्या आसपास मिटते. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा आधीपासूनच हवी. असे व्यंग असलेले मूल पूर्वी झालेल्या बायांना मोठी मात्रा दिल्यावर तो धोका ७२ टक्क्यांनी घटला, असे १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने दाखविले. तेव्हा आमचे पुढचे बोलणे ऐकून कोणा सूनबाईची गोळी बंद करू नका.

परंतु रक्ताला बी-१२ ही लागते, आणि ते भाजीपाल्यात नाही. ते कमी पडले असता नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्त सुधारते. मज्जातंतूंची झीज मात्र चालूच राहते. शिवाय दुकानातली गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमची, म्हणजे साडेबारापट!

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येत. पक्के शाकाहारी, गोळी स्वतःच सुरू केलेली. रक्ताचा अहवाल उत्तम पाहून आम्हीही खूश झालो. पायाला मुंग्या येतात म्हणाले, ते आम्ही वयावर ढकलले. सहा महिन्यांनी ते म्हणाले, "डॉक्टर, वाटेत चप्पल गळून पडली, तरी कळले नाही." तेव्हा कुठे आम्ही बी-१२ तपासले! इंजेक्शनांनी चाल सुधारली. बोटांतली बधिरता राहिली ती राहिलीच. अजूनही गुरुजी जिना उतरताना पायांकडे पाहत उतरतात.